पितळेची सवय आणि अ‍ॅल्युमिनियमची बोट

भंडारा शहर पितळनगरी म्हणून ओळखले जाते आणि जिल्हा तलावांचा म्हणून. घरोघरी स्टील व प्लॅस्टिक आल्यापासून पितळेच्या भांड्यांचा धंदा मंदावला. भांडी घडवणारे आणि कल्हईवाले बांधव दुसरे काम शोधू लागले. पण हातातील हुनर वाया का जाऊ द्यावा? वैनगंगा, गोसीखुर्दचा जलाशय आणि जुने मालगुजारी तलाव असलेल्या या जिल्ह्यात नावेची गरज संपणारी नाही. ऑगस्ट २०२० च्या महापुराने तर मजबूत बोटीची किंमत सर्वांनाच पटवून दिली. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीचा तळ दुरुस्त करून रंगवणे हे धातू जाणणाऱ्या कारागिराला जमणारे काम आहे. मात्र इथे पितळेची सवय घात करते.

पहिली गोष्ट, अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला पितळेचा किंवा तांब्याचा स्क्रू, बोल्ट, रिव्हेट कधीही लावू नये. हे दोन धातू पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की बारीक विद्युतप्रवाह सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. पितळ जसेच्या तसे राहते, भोक मात्र बोटीला पडते. समुद्रातील होड्यांच्या तळाला लावतात तो तांबेयुक्त रंगही याच कारणाने टाळावा. शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तो असतो; आपल्या गोड्या पाण्यात त्याची गरजच नाही.

दुसरी गोष्ट आगीची. पितळ तापले की त्याच्या रंगावरून कारागीर अंदाज घेतो. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याआधी लाल होत नाही. पत्रा एकदम खाली बसतो. म्हणून चीर पडली असेल तर आर्गॉन वेल्डिंग जाणणाऱ्याकडेच जावे. कल्हईचे कथील इथे उपयोगी नाही आणि नवसागर तर पत्र्याला अपाय करतो.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे. बोट जमिनीवर भक्कम टेकूंवर ठेवून आत थोडे पाणी भरावे आणि जिथून थेंब येईल तिथे बाहेरून खडूने खूण करावी. रिव्हेट सैल असेल तर बाहेरून डोक्याला जड लोखंडी ठोकळा टेकवून आतून हातोडीचे बेताचे ठोके द्यावेत. झिजलेला असेल तर काढून अ‍ॅल्युमिनियमचाच भरीव रिव्हेट सीलंट लावून बसवावा.

रंगापूर्वी जुना पापुद्रा काढावा, पण कॉस्टिक सोडा वापरू नये. तो अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो. साधा लोखंडी ब्रशही नको. त्याचे कण पत्र्यात रुतून पुढे गंज धरतात. स्टेनलेस स्टीलचा नवा ब्रश किंवा पॉलिश पेपर घ्यावा. घासलेल्या पत्र्यावर हवेने लगेच नवा थर चढू लागतो, म्हणून धुऊन, पूर्ण सुकवून त्याच दिवशी प्रायमर द्यावा. खिडक्या-दारांचा तांबडा प्रायमर इथे नीट पकड घेत नाही; अ‍ॅल्युमिनियमसाठीचा इपॉक्सी प्रायमर मागावा आणि त्यावर त्याला जुळणारा रंग चढवावा. काम पावसाळ्यापूर्वी उरकावे, पण मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर नव्हे, तर सकाळी सावलीत. डब्यावर लिहिलेले वाळण्याचे तास पाळावेत, तोंडाला मास्क बांधावा.

काम झाल्यावर गिऱ्हाइकासमोर पुन्हा पाणी भरून दाखवावे. पत्रा पार पातळ झाला असेल तर रंगाने तो झाकून पैसे घेऊ नयेत, स्पष्ट सांगावे. मालातील दोष लपवणे इस्लामला मंजूर नाही. भांडे गळले तर डाळ सांडते. बोट गळली तर माणसे बुडतात. हजरत नूह (अलै.) यांनी नौका बांधली, हजरत दाऊद (अलै.) यांच्या हातात लोखंड मऊ झाले. अशा कामाची कमाई हलाल असेल, तर इन्शाअल्लाह त्यात बरकतही येईल.