वाकडा धुरा सरळ कसा करावा?

देशोदेशींच्या शिक्षणाची तुलना म्हटली की गुणांच्या याद्या पुढे येतात. कोणता देश पहिला आला ते त्यांतून कळते. पण उद्याच्या तासाला वेगळे काय करावे हे कळत नाही. त्यासाठी वर्गातच डोकवावे लागते. १९९४-९५ मध्ये जपान, जर्मनी व अमेरिका येथील आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचे चित्रीकरण झाले. त्यांतील एका जपानी तासाचा प्रश्न आपण गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाड्याच्या धानाच्या शेतात आणून पाहू.

दोन शेतांमधला धुरा एका ठिकाणी वाकलेला आहे. कोणाचेही क्षेत्रफळ न बदलता तो सरळ कसा करावा?

जपानी शिक्षकाने आदल्या तासाची उजळणी केली: एकाच पायावरील व समांतर रेषांमधील त्रिकोणांची क्षेत्रफळे समान असतात. मग असाच प्रश्न फळ्यावर मांडला, पण रीत सांगितली नाही. मुले आधी एकेकटी विचार करू लागली, मग आपसांत बोलू लागली.

उत्तर असे: धुऱ्याची दोन टोके अ आणि क, वाकण ब. अक जोडा. ब मधून अक ला समांतर रेषा काढा. ती क कडील हद्दीला ड मध्ये मिळते. अबक आणि अडक या त्रिकोणांचा पाया एकच, उंचीही समान. म्हणून अड हा नवा सरळ धुरा.

मग केवळ अवघड प्रश्न दिले की झाले का? नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात अमेरिकेतील सुमारे १७ टक्के प्रश्न संबंध शोधायला लावणारे होते. पण सोडवताना शिक्षकच पायऱ्या सांगून टाकत. एक टक्का प्रश्नही तसे उरले नाहीत. जपान व हाँगकाँगमध्ये असे जवळपास निम्मे प्रश्न टिकले. हाँगकाँगमध्ये नेहमीच्या रीतींचा सरावही भरपूर होता. म्हणजे सराव टाकून द्यायचा नाही. मुलांच्या वाट्याचा विचार आपण करून टाकायचा नाही.

अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत नेमके हेच घडते. जपानी शिक्षक यासाठी एका पाठाची आखणी मिळून करतात. एक जण शिकवतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात, नंतर चर्चा होते. आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे सहज करता येईल. धुऱ्याचा प्रश्न द्यावा, दहा मिनिटे गप्प राहावे आणि मुले काय काढतात ते टिपून ठेवावे.