जिजाऊंचं माहेर पाहताना

सिंदखेडराजाला बहुतेक लोक १२ जानेवारीला जातात. त्या दिवशी जिजाऊंचा जन्मोत्सव असतो आणि गावात पाय ठेवायला जागा नसते. मी मुद्दाम एका साध्या दिवशी गेले, कारण मला वाडा पाहायचा होता. लखुजी जाधवरावांच्या वाड्याचा भव्य दरवाजा ओलांडून आत शिरले, तेव्हा पुढे एक शाळकरी मुलगा वडिलांचं बोट धरून चालला होता. चारी बाजूंना बघून तो म्हणाला, "बाबा, वाडा कुठं हाय?" वडील जरा गडबडले. "हाच ना वाडा," एवढंच बोलले.

मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता. वाडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे माड्या, झुंबरं, गाद्यागिरद्या येतात. इथं आहेत ती जोती, भिंती, तळघरं आणि वर मोकळं आकाश.

इंग्लंडमधल्या उमरावांच्या जुन्या हवेल्या पाहायला आपल्याकडचे पर्यटक हौसेनं जातात. तिथं जेवणाच्या मेजावर ताटंसुद्धा मांडून ठेवलेली असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर वारसा कर आणि घराचा खर्च झेपेना, तेव्हा अनेक घराण्यांनी तिकीट लावून दारं उघडली. लाँगलीट नावाची हवेली १९४९ साली अशीच खुली झाली. काही घरं १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टनं सांभाळली. म्हणजे राहती घरंच लोकांसाठी उघडली गेली. छप्पर शाबूत होतं, म्हणून सामानही राहिलं. आपल्याकडे वाडा पाहायला मिळतो तो बहुधा छप्पर गेल्यानंतर. म्हणून तो पाहण्याची रीतही वेगळी हवी.

याचं कारण बांधकामात आहे. मराठी वाड्याचं जोतं दगडाचं, भिंती दगड-विटांच्या आणि सांगाडा लाकडाचा. खांब, तुळया, माडीची तक्तपोशी हे सारं लाकूडकाम. घरातला वावर थांबला की आधी छप्पर गळतं, मग वाळवी लागते. चांगलं लाकूड आणि विटा दुसऱ्या घरांना लागतात. उरतो तो दगड. म्हणून पडक्या वाड्यात गेल्यावर आधी खाली पाहावं. जोत्यावर ठरावीक अंतरानं चौकोनी तळखडे दिसले, तर तिथं लाकडी खांब होते असं समजावं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. खण मोजले की सोपा केवढा होता ते कळतं. मग भिंतीकडे पाहावं. एका रेषेत खाचा असतील, तर तिथं तुळयांची टोकं बसत होती आणि वर माडी होती. दरवाज्याच्या आतल्या अंगाला दोन्ही बाजूंच्या उंच ओट्यांना देवड्या म्हणतात. तिथं पहारेकरी बसत. मधली मोकळी जागा म्हणजे चौक. उजेड, वारा आणि पाऊस घरात यायचा तो इथूनच.

एवढं समजलं की रिकाम्या जागेत घर उभं राहू लागतं. आणि घर म्हटलं की पाणी आलं. हा मुलूख कमी पावसाचा. त्यामुळे जाधवरावांच्या सिंदखेडची खरी श्रीमंती मला गावाभोवतीच्या पाण्यात दिसली. मोती तलावाच्या बांधाचं दर्शनी बांधकाम एखाद्या किल्ल्यासारखं आहे. चांदणी तलावाच्या मधोमध इमारत आहे. पुतळा बारवेच्या भिंतीत मूर्ती कोरलेल्या आहेत. वाडा पाहून लगेच गाडीत बसणाऱ्यांचं हे सगळं राहून जातं.

वाड्यात सगळे थांबतात ते जिजाऊंच्या जन्मस्थानापाशी. जन्माची तारीख १२ जानेवारी १५९८ मानली जाते. वडील लखुजी हे निजामशाहीतले मातब्बर सरदार, आईचं नाव म्हाळसाबाई. जवळच रंगमहाल आहे. शहाजीराजे आणि जिजाऊ यांच्या सोयरिकीची गोष्ट रंगपंचमीच्या रंगापासून सुरू झाली, असं परंपरा सांगते. तिथं उभ्या असलेल्या बायका मी पाहत होते. त्या हात जोडत होत्या, पण नवस बोलल्यासारख्या नव्हे. लेकीच्या खोलीत डोकवावं तशा डोकावत होत्या. आपल्यासाठी हा राजवाडा नंतर, आधी ते एका मुलीचं माहेर आहे.

पण या माहेराची गोष्ट जन्मापाशी संपत नाही. त्यासाठी गावातच असलेल्या लखुजीरावांच्या समाधीकडे जायला हवं. ही प्रचंड वास्तू पाहिल्यावर माणूस गप्प होतो. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवरावांची हत्या झाली. त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव हेही तिथंच मारले गेले. बाप, दोन भाऊ आणि भाचा एका दिवसात गेले.

आता दुसरी तारीख शेजारी ठेवा. राज्य शासनानं मान्य केलेली शिवरायांची जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३०. दोन्ही तारखांमध्ये सात महिन्यांनाही थोडे दिवस कमी. म्हणजे ही बातमी आली तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. आपल्याकडे अशा वेळी लेक माहेरी येते. आईच्या हातचं खाते, निर्धास्त झोपते. जिजाऊंचं बाळंतपण झालं ते शिवनेरीवर, किल्ल्याच्या तटबंदीत. पुस्तकात या दोन तारखा मी अनेकदा वाचल्या होत्या, पण वेगवेगळ्या पानांवर. त्या वाड्यात उभं राहिल्यावर पहिल्यांदा एकत्र दिसल्या.

या गावाच्या मातीत अजून बरंच दडलेलं आहे. २०२४ साली समाधीच्या जतनाचं काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला जवळच एका शिवमंदिराचा पाया आणि शेषशायी विष्णूची देखणी शिल्पाकृती सापडली. आता समृद्धी महामार्गामुळे सिंदखेडराजा जवळ आलं आहे. वाट थोडी वाकडी करून उतरावं आणि अर्धा दिवस काढावा. आधी वाडा, मग रंगमहाल, तलाव, बारव आणि शेवटी समाधी, अशा क्रमानं पाहावं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना तळखडे मोजायला लावावेत.

रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला शिवरायांनी आईसाठी वाडा बांधला. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, जिजाऊंनी तिथं देह ठेवला. त्या वाड्याचीही आज जोती आणि भिंतीच उरल्या आहेत. माहेरचा वाडा आणि मुलानं बांधलेला वाडा, दोन्हीकडे छप्पर नाही.

परतताना तो मुलगा पुन्हा दिसला. एका जोत्याच्या कडेवरून तोल सावरत चालला होता. मी म्हटलं, "अरे, तू आत्ता वाड्याच्या भिंतीवरून चालतोयस." त्यानं खाली पाहिलं आणि हळूच उडी मारून उतरला.