पहिली सायकल घेताय? ३० हजारांची ‘रेसर’ की १० हजारांची साधी? आधी हा हिशेब वाचा

चंद्रपूर/गडचिरोली : मोबाईल उघडला की पातळ चाकांची, वाकड्या हँडलची सायकल हाणणारे पोट्टे रीलवर दिसतात. हेल्मेट, चष्मा, मोकळा डांबरी रस्ता. बघणाऱ्यालाही वाटते, आपणही घ्यावी. मग दुकानात किंमत विचारली की ३० हजारांच्या पुढचा आकडा कानावर येतो.

इथून दोन गोष्टी होतात. कोणी हप्त्यावर महागडी सायकल उचलतो आणि सहा महिन्यांत ती पडवीत टांगून ठेवतो. कोणी सहा-सात हजारांत ‘गिअरवाली, डबल शॉकअपवाली’ घेतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिचे गिअर जाम होतात. दोन्हीकडे घरचा पैसा जातो. धान विकून किंवा मजुरीतून आलेल्या पैशाची सायकल घ्यायची असेल, तर तिचा हिशेब आधीच केलेला बरा.

सरळ उत्तर काय?

पहिल्यांदाच सायकल घेत असाल आणि शाळा-कॉलेज, ड्युटी, शेत किंवा सकाळचा व्यायाम एवढेच काम असेल, तर सामानासकट ८ ते १५ हजार रुपये पुरतात. त्यापेक्षा जास्त खर्च करायला हरकत नाही, पण गरज नाही. ज्याला खरी ‘रोड बाईक’ म्हणतात ती पहिली सायकल म्हणून घेऊ नका. साध्या सायकलवर तीन महिने काढा, मग ठरवा.

बाजारात काय भावाने काय मिळते?

कंपनी आणि गावानुसार दोन-चार हजारांचा फरक पडतो. अंदाज असा :

– ५ ते ७ हजार : बिनगिअरची साधी सायकल. काळी, दांडीची किंवा लेडीज. कॅरिअर, मडगार्ड, स्टँड बहुतेक वेळा सोबतच मिळते. पोते लादा, दोघे बसा, चालते.

– ८ ते १२ हजार : २६ इंची, जाड टायरची, बिनगिअर किंवा ७ गिअरची सायकल. आपल्याकडच्या अर्ध्या डांबरी, अर्ध्या मुरमाच्या रस्त्याला हीच जास्त सोयीची.

– १३ ते २५ हजार : हायब्रीड. हँडल सरळ, चाक मोठे, टायर मध्यम जाडीचे. रोज २०-३० किलोमीटर डांबरी रस्त्यावर जायचे असेल तर उत्तम.

– ३० हजारांपासून पुढे : खरी रोड बाईक. वजनाला हलकी, टायर बोटभर रुंद, हँडल खाली वळलेले. चांगले गिअर हवे असतील तर आकडा ४०-५० हजारांवर सहज जातो. लाखाच्याही सायकली आहेत.

१२-१५ हजारांत ‘रेसर’ दिसणारी सायकल मिळाली तर सावध राहा. हँडल वळवलेले असते, रंग झकपक असतो, पण फ्रेम जड लोखंडी आणि ब्रेक कामचलाऊ. अशा सायकलीवर रेसरचा वेगही मिळत नाही आणि साध्या सायकलीचा टिकाऊपणाही नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. पक्के बिल मागा आणि त्यावर कर किती लावला ते बघा.

२० हजार जास्त दिले तर वेळ किती वाचतो?

समजा गाव ते तालुका १० किलोमीटर आहे. नवीन माणूस साध्या सायकलवर ताशी १४ किलोमीटरने गेला तर ४३ मिनिटे लागतात. हायब्रीडवर ताशी १८ ने गेला तर ३३ मिनिटे. रोड बाईकवर ताशी २२ ने गेला तर २७ मिनिटे.

म्हणजे साध्यावरून हायब्रीडवर आलात तर १० मिनिटे वाचली. हायब्रीडवरून रोड बाईकवर गेलात तर फक्त ६ मिनिटे, आणि त्यासाठी १५-२० हजार जास्त. शर्यतीत सहा मिनिटे म्हणजे फार मोठी गोष्ट. कॉलेजला जाणाऱ्याला तेवढी वाट बघता येते.

दुसरा हिशेब पेट्रोलचा. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडीचा ॲव्हरेज ५० धरला, तर किलोमीटरला दोन रुपये पडतात. रोज येऊन-जाऊन २० किलोमीटर म्हणजे ४० रुपये. महिन्यात २५ दिवस गेलात तर १ हजार रुपये. १२ हजारांची सायकल वर्षभरात वसूल होते. ४० हजारांच्या सायकलीला तीन वर्षांच्या वर लागतात.

खरी अडचण ट्यूबची

चंद्रपूर, गडचिरोली शहरात किंवा नागपूरला गेलो तर बहुतेक सामान मिळते. पण आलापल्लीच्या पुढे, भामरागड-एटापल्लीकडे किंवा जिवती-कोरपन्याच्या आतल्या गावात सायकल बंद पडली, तर पंक्चरवाल्याकडे काय असेल? २६ इंचीची ट्यूब आणि काळ्या सायकलची २८ इंचीची ट्यूब. रोड बाईकची बारीक ट्यूब बहुतेक नसतेच.

इथे एक फसगत होते. रोड बाईकच्या चाकालाही कधी कधी ‘२८ इंची’ म्हणतात. पण काळ्या सायकलच्या २८ इंची रिमचे माप ६३५ मिलिमीटर आणि रोड बाईकचे किंवा हायब्रीडचे ६२२ मिलिमीटर. एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेवर हा आकडा छापलेला असतो. तो मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि दुकानदाराला दाखवा.

दुसरी भानगड वॉल्वची. रोड बाईकला बहुतेक सुईसारखा बारीक वॉल्व असतो. गावातला पंप किंवा पेट्रोल पंपावरची हवा त्याला लागत नाही. त्यासाठी एक छोटी पितळी टोपी मिळते, अगदी थोड्या पैशात. ती नसेल तर ३० हजारांची सायकल हवेसाठी ढकलत घरी आणावी लागते.

म्हणून पहिली सायकल घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : ‘भाऊ, हिची ट्यूब आमच्या तालुक्यात मिळते का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर दोन ट्यूबा, पंप आणि पंक्चर किटचे पैसे त्याच दिवशी धरा.

शॉकअप, डिस्क ब्रेक, २१ गिअर : किती खरे, किती शोभा?

स्वस्त सायकलीचे शॉकअप हे बरेचसे शोभेचे असते. ते वजन वाढवते, पायाचा जोर खाते आणि पावसाच्या चिखलाने गंजते. मागचे शॉकअप तर घेऊच नका. खड्ड्यांसाठी रुंद टायर आणि बरोबर हवा हाच सगळ्यात स्वस्त शॉकअप आहे.

गिअरचेही तसेच. आपला बराचसा भाग सपाट आहे. चढ आहेत, पण ७ गिअरमध्ये निघतात. २१ गिअर म्हणजे तिप्पट वेग नव्हे. उलट जितके भाग जास्त तितकी बिघाडाची जागा जास्त. साधा रबराचा ब्रेक गावात बदलून मिळतो. डिस्क ब्रेक पावसात चांगला धरतो, पण तो नीट लावणारा मिस्त्री जवळ आहे का ते बघा.

१०० पैकी २५ रुपये सामानासाठी

सगळे पैसे सायकलीत घालू नका. १२ हजार असतील तर ९ हजारांची सायकल आणि ३ हजारांचे सामान :

– हेल्मेट : हजार-दीड हजार
– पुढचा लाईट आणि मागचा लाल लाईट : ८०० ते १०००
– हातपंप, पंक्चर किट, एक जादा ट्यूब : ६०० ते ८००
– घंटी आणि चेनचे तेल : १०० ते २००

लाईटला कंजुषी नको. सूरजागडच्या खनिजाचे ट्रक, कोळसा आणि सिमेंटची जड वाहने ज्या रस्त्यावर धावतात, तिथे मागचा लाल लाईट दिवसाही चालू ठेवा. ट्रक जवळ आला की रस्त्याच्या कडेला, मुरमावर उतरावे लागते. बोटभर रुंदीचे टायर मुरमावर घसरते, जाड टायर तग धरते. पहिली सायकल जाड टायरची घ्या म्हणतो ते याचसाठी.

आणि जंगल. वाघ, अस्वल, बिबट कोणत्या रस्त्यावर आहे हे तुमच्या गावाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. सायकल आवाज न करता येते, त्यामुळे वळणावर जनावर आणि माणूस एकदम समोरासमोर येऊ शकतात. व्यायामाच्या नादात अंधारात निघू नका. ऊन चढल्यावर, शक्यतो दोघे-तिघे मिळून, घंटी वाजवत जा. वनविभागाने रस्ता किंवा वेळ बंद सांगितली असेल तर ती पाळाच. उन्हाळ्यात मात्र सकाळी नऊच्या आत घरी परत या.

सायकल मापाची हवी

स्वस्त-महाग नंतर, आधी माप. सायकलच्या दांडीवर दोन्ही पाय टेकून उभे राहा. दांडी आणि अंगात एक-दोन इंच जागा राहिली पाहिजे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकत असेल तर सीट वर घ्या. सीट खाली ठेवून चालवल्यानेच बहुतेकांचे गुडघे दुखतात. वाढत्या वयाच्या मुलाला महाग सायकल घेऊ नका, दोन वर्षांत ती लहान पडते.

ऑनलाईन, हप्ता, जुनी सायकल

ऑनलाईन सायकल अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचे चाक, पायडल आपल्याला बसवावे लागतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते उलट्या दिशेने आवळायचे. पायडलवर ‘एल’ म्हणजे डावे, ‘आर’ म्हणजे उजवे. जबरदस्तीने फिरवले तर आटे मरतात आणि नवीन सायकल पहिल्याच दिवशी मिस्त्रीकडे जाते. मिस्त्रीकडून जोडून घ्या, दोन-तीनशे रुपये जातील.

‘शून्य टक्के’ हप्त्यात प्रोसेसिंग फी किती ते विचारा. ज्या सायकलीसाठी हप्ता लागतो, ती पहिली सायकल म्हणून महागच समजा.

जुनी सायकल चांगली मिळाली तर पैसा वाचतो. फ्रेमच्या जोडावर तडा आहे का, चाक फिरवल्यावर डुलते का, हे बघा. पायडलच्या धुरीखाली फ्रेमवर कोरलेला नंबर बिलाशी जुळवा. बिल नसेल आणि भाव फारच कमी असेल तर सोडून द्या. चोरीची निघाली तर पैसाही जातो आणि पोलीस ठाण्याच्या चकरा वेगळ्या.

मुलींसाठी योजना आहे

मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकलसाठी सरकारी मदत मिळते. ही रक्कम २०२२ मध्ये ३५०० वरून ५ हजार रुपये करण्यात आली. शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंतच्या गावातल्या मुलींसाठी ही योजना आहे. मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. या पैशात गिअरच्या मागे लागू नका. मडगार्ड, कॅरिअर आणि चेनकव्हर असलेली मजबूत लेडीज सायकल घ्या. चेनकव्हर नसले तर ओढणी चेनमध्ये अडकून मुलगी पडू शकते.

मग रोड बाईक कधी घ्यायची?

आठवड्यातून तीन दिवस ३०-४० किलोमीटर चालवता, असे तीन महिने झाले, आणि आता शर्यतीत किंवा लांब पल्ल्याच्या राईडमध्ये उतरायचे आहे, तेव्हा घ्या. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची स्पर्धा एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. विदर्भाच्या माणसाला हे जमते, हे त्यांनी दाखवले.

पण लांब पल्ल्यासाठीही सुरुवातीला रोड बाईकच लागते असे नाही. ‘ब्रेव्हे’ नावाच्या राईडमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात. थांबण्याचा वेळ धरून ताशी १५ किलोमीटरची सरासरी पडते. तिथे कोणतीही सायकल चालते, पण हेल्मेट आणि लाईट लागतात. हायब्रीडवर लोक ती पूर्ण करतात.

थोडक्यात

– पहिली सायकल : सामानासकट ८ ते १५ हजार.
– चौथा हिस्सा हेल्मेट, लाईट, पंपासाठी बाजूला.
– टायर जाड, शॉकअप नको, गिअर असले तर ७ पुरे.
– ट्यूब आपल्या तालुक्यात मिळाली पाहिजे.
– तीन महिने चालवा. पाय मागतील तेव्हाच रोड बाईक.

साधी सायकल रोज चालवून झिजली तर पैसे वसूल झाले. पडवीत टांगलेली ४० हजारांची सायकल मात्र रोज नवीच दिसते, आणि हप्ता भरताना तेवढेच जास्त टोचते.