कोशूतची पत्रे आणि इतिहासाची साक्ष

राजकीय पुरुषांच्या पत्रव्यवहाराविषयी वाचकांना नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. व्यासपीठावर माणूस सभेकडे पाहून बोलतो, पत्रात मात्र तो मन मोकळे करतो, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळेच अनेक चरित्रकार पत्राला अखेरचा पुरावा मानतात. हा समज कितपत ग्राह्य आहे, हे तपासावयाचे झाल्यास हंगेरीचा स्वातंत्र्यनेता लायोश कोशूत (१८०२-१८९४) याच्या पत्रांइतके बोलके उदाहरण क्वचितच आढळेल.

कोशूतच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभच मुळी पत्रांनी झाला. १८३२ ते १८३६ या काळात हंगेरीची विधिसभा पोझोनी (आजचे ब्रातिस्लाव्हा) येथे भरली होती. तिच्या कामकाजाचे वृत्त मोकळेपणाने छापण्यास ऑस्ट्रियन राजसत्तेची परवानगी नव्हती. खाजगी पत्राला मात्र छापील मजकुराप्रमाणे पूर्वतपासणीचा नियम लागू नव्हता. या फटीचा कोशूतने मोठ्या चातुर्याने उपयोग करून घेतला. सभेतील वादविवादांचा वृत्तांत तो पत्ररूपाने लिही, तरुण विद्यार्थी त्याच्या हस्तलिखित प्रती काढीत आणि त्या परगण्यापरगण्यांत पोहोचत. दिसावयास खाजगी असलेले ते पत्र वस्तुतः वृत्तपत्रच होते. पुढे हाच उपक्रम त्याने पेश्त येथून चालू ठेवला, तेव्हा १८३७ मध्ये त्याला अटक झाली. १८४० मध्ये सुटका होईपर्यंत तो बंदिवासात होता. पत्र एकाच्या नावे लिहावयाचे आणि वाचावयाचे ते साऱ्या राष्ट्राने, हा धडा तो येथेच शिकला.

या धड्याची काळी बाजू १८४९ मध्ये प्रकट झाली. ऑस्ट्रियाविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात झारने आपली प्रचंड सेना ऑस्ट्रियाच्या मदतीस धाडली. ९ ऑगस्टला तेमेश्वार येथे हंगेरियन सैन्याचा निर्णायक पराभव झाला. ११ ऑगस्टला कोशूतने पदत्याग करून सर्वाधिकार सेनापती आर्थुर ग्यॉर्गेई याच्या हाती सोपविले आणि १३ ऑगस्टला ग्यॉर्गेईने विलागोश येथे रशियनांपुढे शस्त्रे ठेवली. तेमेश्वारला ऑस्ट्रियाचा जय झाला तर आपण शस्त्रे ठेवू, हे त्याने कोशूतला आधीच सांगितले होते. असे असूनही १२ सप्टेंबरला ऑटोमन मुलखातील विदिन येथून परदेशस्थ हंगेरियन प्रतिनिधींना लिहिलेल्या पत्रात कोशूतने साऱ्या अपयशाचे खापर ग्यॉर्गेईच्या माथी फोडले आणि त्याला देशद्रोही ठरविले.

पराभूत राष्ट्राला अशा एका अपराध्याची गरज असते. त्यातच ६ ऑक्टोबरला अराद येथे १३ सेनानींना देहान्त शासन झाले. ग्यॉर्गेई मात्र झारच्या मध्यस्थीमुळे वाचला. लोकांच्या दृष्टीने तर आरोप सिद्धच झाला! पुढे त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली, पण लोकमत बधले नाही. १९१६ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी तो वारला, तेव्हा त्या आरोपाला ६६ वर्षे उलटून गेली होती. शरणागतीवाचून दुसरा मार्ग उरला नव्हता, हे इतिहाससंशोधकांनी पुढे दाखवून दिले. परंतु भावनेच्या भरात लिहिलेले एक पत्र एका माणसाचे संपूर्ण आयुष्य झाकोळून गेले होते.

दुसरे पत्र २२ मे १८६७ चे, फेरेन्त्स देआक याला उद्देशून पॅरिसहून लिहिलेले. १८४८ च्या मंत्रिमंडळात कोशूत अर्थमंत्री, तर देआक न्यायमंत्री होता. आता देआकच्या प्रयत्नाने ऑस्ट्रियाशी समझोता होत होता. हंगेरीला स्वतःची विधिसभा व मंत्रिमंडळ मिळणार होते. मात्र परराष्ट्रव्यवहार, संरक्षण आणि त्यांचा अर्थव्यवहार सामाईक राहणार होता. या सामाईक खर्चात हंगेरीचा वाटा प्रथम शेकडा ३० ठरला आणि दर दहा वर्षांनी त्याची फेरतपासणी व्हावयाची होती. देआकला हा व्यवहार्य मार्ग वाटत होता. कोशूतच्या मते मात्र ज्या राष्ट्राच्या हाती स्वतःची सेना व तिजोरी नाही, ते स्वतंत्र नव्हे. ऑस्ट्रियाच्या शत्रूंनी पेटविलेल्या आगीत हंगेरीही होरपळेल, असा इशारा त्याने दिला. खरे भविष्य सांगूनही जिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नसे, त्या ग्रीक पुराणकथेतील कॅसँड्रेचा उल्लेख त्याने स्वतःच केला होता. म्हणून हे पत्र ‘कॅसँड्रा-पत्र’ या नावाने प्रसिद्धीस आले. ८ जूनला फ्रान्झ योझेफचा हंगेरीचा राजा म्हणून राज्याभिषेक झाला.

१९१८ मध्ये ते साम्राज्य कोसळले आणि १९२० च्या त्रियानों तहान्वये हंगेरीने आपला सुमारे दोन तृतीयांश भूप्रदेश गमावला. कोशूतचे भाकित खरे ठरले, असे अनेकांनी म्हटले आणि ते निराधारही नाही. परंतु स्लोव्हाक, रुमानियन, सर्ब इत्यादी समाजांना हंगेरियन राज्यकर्त्यांनी दिलेली वागणूकही या विघटनास कारणीभूत होती आणि १८४८-४९ मधील कोशूतचे धोरणही या बाबतीत उदार नव्हते. शिवाय समझोत्याने हंगेरीला अर्धशतकाची शांतता व आर्थिक प्रगती दिली, हे देआकच्या पारड्यात टाकावेच लागेल.

दोन्ही पत्रे एकाच लेखणीतून उतरली. दोहोंत तीच कळकळ, तेच वक्तृत्व आणि तीच निःशंक खात्री आहे. तरीही एक पत्र दूरदृष्टीचे ठरले, तर दुसरे अन्यायाचे. याचाच अर्थ असा की, पत्रातील कळकळ हा सत्याचा पुरावा नव्हे. पत्र लेखकाचे मन दाखविते. घडलेल्या गोष्टींचा न्याय करण्यासाठी मात्र तारखा, सैन्यबळ, करारांतील कलमे आणि प्रतिपक्षाची बाजू यांचीच कास धरावी लागते. थोर पुरुषाची लेखणी असली, तर ही सावधगिरी अधिकच आवश्यक होय. कारण तिने केलेली जखम भरून येण्यास दोन-दोन पिढ्या लागतात.