अडलेली डिकी आणि ग्रॅफाइटची पूड

सेडान मोटारीची डिकी उघडेनाशी झाली की सगळा दोष कुलपावर येतो. प्रत्यक्षात तिथे तीन वेगळ्या गोष्टी असतात: किल्लीचे सिलिंडर, चालकाच्या सीटजवळच्या लीव्हरपासून मागे जाणारी केबल आणि झाकणातला लॅच. गाडीच्या सांगाड्यावरची यू आकाराची सळई लॅचच्या जबड्यात अडकते आणि एक छोटा खटका त्या जबड्याला रोखून धरतो. यांतले नेमके काय अडले, हे कळले की निम्मे काम झाले.

पहिली तपासणी दोघांनी करायची असते. एकाने झाकण तळहातांनी खाली दाबून धरायचे, दुसऱ्याने त्याच वेळी लीव्हर ओढायचा. डिकीच्या कडेची रबरी पट्टी झाकणाला सतत वर रेटत असते. तो भार खटक्यावर येतो आणि भार जितका जास्त, तितके घर्षण जास्त. झाकण दाबताच भार उतरतो आणि पुष्कळदा डिकी तेवढ्यानेच उघडते.

नाहीच उघडली, तर लीव्हर हाताला कसा लागतो ते पाहावे. तो ओढ नसल्यासारखा सैल असेल तर केबल निसटली किंवा तुटली आहे. जागचा हलत नसेल तर बहुधा तिच्या नळीत गंज धरला आहे. नळीतून तार खेचण्याची ही युक्ती अर्नेस्ट बाउडेन यांच्या १८९६च्या पेटंटातली. सायकलचा ब्रेकही तिच्यावरच चालतो. मागच्या सीटची पाठ पाडता येत असेल तर आतून लॅचपर्यंत हात पोहोचतो आणि केबलचे टोक पकडीने ओढता येते. बटणाने उघडणाऱ्या डिकीत बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नाही, तर आधी फ्यूज आणि बॅटरी तपासावी.

किल्ली फिरत नसेल तर मात्र दोष सिलिंडरचा. त्यात स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ धातूच्या पाकळ्या असतात. किल्लीच्या खाचांनी त्या सगळ्या एका पातळीत आल्या तरच सिलिंडर फिरते. इथे तेल सोडणे ही नेहमीची चूक. तेल धूळ धरते आणि काही महिन्यांत पाकळ्यांभोवती चिकट लगदा होतो. कॅरमवर कोणी तेल ओतत नाही, पावडरच टाकतात. कुलपालाही कोरडीच पूड लागते आणि ती ग्रॅफाइटची. पूड किल्लीला चोळून किल्ली आठ-दहा वेळा आत-बाहेर करावी. जोर लावून पिळू नये, किल्ली आतच तुटते.

ग्रॅफाइट निसरडे का, याचे शालेय उत्तर असे: कार्बनचे थर एकमेकांपासून ०.३३५ नॅनोमीटरवर असतात, त्यांच्यातले बंध दुबळे असतात, म्हणून थर सरकतात. हे उत्तर अपुरे आहे. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले कार्बन ब्रश झपाट्याने झिजून त्यांचा भुगा होऊ लागला. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतले रॉबर्ट सॅव्हेज यांनी त्याचा छडा लावला आणि १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: निर्वातात ग्रॅफाइट निसरडे राहतच नाही, पण पाण्याची थोडीशी वाफ मिळाली की घर्षण पुन्हा उतरते. थरांच्या तुटक्या कडांवर पाण्याचे रेणू बसतात आणि त्या कडा एकमेकींना धरेनाशा होतात. विरळ हवेत ती वाफच नव्हती. इतक्या सुंदर शोधाचा कर्ता पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतो, हा त्याच्यावर अन्याय आहे. कोकणातली जी दमट हवा लॅचला गंज चढवते, तीच सिलिंडरातल्या ग्रॅफाइटला निसरडे ठेवते.

डिकी उघडल्यावर लॅच पाहावा. जबड्यात स्क्रूड्रायव्हरची दांडी दाबली की टक आवाज होऊन जबडा मिटतो. लीव्हर ओढताच तो झटक्यात उघडला पाहिजे. रेंगाळत उघडला तर जुने ग्रीस वाळले आहे. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने ते काढावे, मात्र रॉकेल रबरी पट्टीला लागू देऊ नये. लॅच कोरडा झाल्यावर लिथियम ग्रीसचा पातळ हात द्यावा. हे ग्रीस सिलिंडरात जाऊ देऊ नये, कारण ग्रॅफाइटशी मिसळून त्याचाही लगदाच होतो. जबडा मिटलेला असताना झाकण आपटले तर सळई वाकते, म्हणून तो आधी उघडून घ्यावा.

एवढे करूनही झाकण दाबल्याशिवाय डिकी उघडत नसेल, तर सळई जागेवरून सरकलेली असते. तिच्या बोल्टांभोवती खडूने खूण करावी, बोल्ट सैल करून सळई एखादा मिलिमीटर वर घ्यावी, बोल्ट आवळावेत आणि झाकण हळूच लावून पाहावे.