अंगणातील नागवेल

विदर्भात रामटेक व अंजनगाव सुर्जी येथील पानमळे प्रसिद्ध आहेत. बरई समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली ही नागवेल घराच्या अंगणातही वाढू शकते. तथापि महागाव तालुक्यातील भारी काळ्या जमिनीत हौसेने लावलेली वेल ऐन पावसाळ्यात एकाएकी माना टाकते. दोष हवेला दिला जातो. खरे कारण बहुधा मुळाशी साचलेले पाणी हे असते.

नागवेल मूळची दमट, सावलीच्या प्रदेशातील होय. तिला ओल हवी, पण दलदल सोसत नाही. काळी जमीन पाणी धरून ठेवते व मुळांना हवा मिळत नाही. म्हणून भिंतीच्या पूर्वेस वीतभर उंच वाफा करून त्यात पोयटा, रेती व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. न्हाणीचे साबणाचे पाणी तेथे सोडू नये.

पावसाळा ओसरताना निरोगी वेलाच्या शेंड्याकडील चार-पाच पेऱ्यांचा तुकडा घेऊन दोन पेरी मातीत दाबावीत. शेजारी शेवगा किंवा पांगारा असल्यास उत्तम. पेऱ्यांवरील मुळ्या खरबरीत सालीस धरतात आणि सावलीही मिळते. तोपर्यंत वेल सैल बांधावी. शोभेच्या मनीप्लँटचे पान नागवेलीसारखे दिसते, परंतु ते चघळल्यास तोंडाची आग होते. दोन्ही वेली जवळ लावू नयेत. मुलांची फसगत होते.

मे महिन्यात येथे पारा ४२ अंशांपुढे जातो. करपलेली पाने पाहून घागरी ओतण्याचा मोह होतो. त्याऐवजी पश्चिमेकडून तट्ट्या लावाव्यात, बुंध्याशी पालापाचोळा पसरावा आणि बोटभर माती उकरून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. वेल हाताबाहेर उंच गेली की तिची उतरण करावी, म्हणजे पाने काढून खालचा भाग वेटोळे करून मातीत पुरावा व शेंडा पुन्हा वर चढवावा. पुरलेल्या पेऱ्यांना नव्या मुळ्या फुटतात आणि वेल ताजी होते.

पावसाळ्यात पाने पिवळी पडून बुंधा काळा व मऊ झाला, तर ती मूळकूज समजावी. अशी वेल मातीसह उपटून जाळावी. तिचे तुकडे शेजाऱ्यास देऊ नयेत. उरलेल्या वेलींच्या बुंध्याशी १ टक्का बोर्डो मिश्रण ओतावे. याकरिता १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत निरनिराळे विरघळवून, एकत्र करून १ लिटर करावे. मिश्रणात बुडविलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर चढल्यास चुना वाढवावा. पाने खावयाची असल्याने त्यांवर ते उडू देऊ नये.