चित्रपत्त्यांची खोळ

उशीला अभ्रा, पुस्तकाला कव्हर, सतारीला गवसणी. जी वस्तू रोज हाताळावयाची आणि तरीही जपावयाची, तिला वस्त्र चढविण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. या रीतीत अलीकडच्या काळात एका चिमुकल्या वस्तूची भर पडली आहे. क्रिकेटपटूंची, कुस्तीगिरांची किंवा पोकेमॉन नावाच्या जपानी काल्पनिक प्राण्यांची चित्रे असलेले पत्ते मुले जमवितात, त्यांची देवघेव करतात, त्यांवर तासन्‌तास खेळतात. आणि मग एके दिवशी वडिलांपाशी हट्ट धरतात तो नव्या पत्त्यांसाठी नव्हे, तर त्या पत्त्यांना घालावयाच्या पारदर्शक खोळींसाठी. दुकानात त्यांना ‘स्लीव्ह’ म्हणतात. वडिलांना हा हट्ट निव्वळ चैनीचा वाटतो. कागदाच्या तुकड्याला कसली आली आहे खोळ! परंतु ज्याला पत्ता पुढील वीस वर्षे टिकावा असे वाटते, त्याने खोळ घेतलीच पाहिजे. अवघड प्रश्न आहे तो कोणती घ्यावी हा. कारण चुकीची खोळ ही खोळ नसण्यापेक्षाही घातक ठरू शकते.

गंमत अशी, की हा पत्ता जन्माला आला तोच मुळी दुसऱ्या वस्तूचे रक्षण करण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटची कागदी पाकिटे चेपू नयेत म्हणून त्यांत जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. त्या कोऱ्या तुकड्यावर बेसबॉलपटूंची आणि नटींची चित्रे छापली तर गिऱ्हाईक पुन्हा येईल, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले आणि पाकिटाचा पहारेकरी स्वतःच जपण्याची वस्तू झाला. पुढे तंबाखूची जागा च्युइंग गमने घेतली. मुलांनी हे पत्ते खिशात कोंबले, रबरबँडने आवळले, सायकलच्या चाकाच्या तारांत अडकवून त्यांचा फडफडाट ऐकला. शिक्षकांनी जप्त करून टेबलाच्या खणात टाकलेले पत्तेच काय ते कदाचित सुस्थितीत उरले असतील!

त्या निष्काळजीपणाचे मोल पुढे कळले. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या बेसबॉलच्या पत्त्यांपैकी न खपलेल्या पेट्या १९६० मध्ये अटलांटिक महासागरात बुडविल्या, असे त्या कंपनीचे साय बर्गर यांनी नंतर सांगितले. त्याच मालिकेतील मिकी मॅन्टल या खेळाडूचा एक पत्ता २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकला गेला. त्याच खेळाडूचे, त्याच वर्षीचे, त्याच छापखान्यातून निघालेले दुसरे पत्ते याच्या लहानशा अंशालाही जात नाहीत. फरक असतो तो चार कोपऱ्यांचा आणि पृष्ठभागाच्या तकाकीचा. लाखाच्या गोष्टी बाजूला ठेवल्या, तरी आठवीतल्या मुलाने वर्षभर खाऊचे पैसे साठवून घेतलेल्या पत्त्यालाही हाच न्याय लागू पडतो. कोपरा एकदा मऊ पडला, की तो पुन्हा टोकदार होत नाही.

खोळ कशापासून वाचविते आणि कशापासून नाही, हे आधी स्पष्ट असावे. पत्त्यावर पत्ता घासणे, बोटांचा घाम आणि तेलकटपणा, टेबलावरील धूळ व सांडलेला चहा यांपासून ती वाचविते. उन्हाने रंग उडणे, वाकणे आणि दमट हवा यांपुढे साधी पातळ खोळ जवळजवळ निरुपयोगी आहे. तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा केल्यास निराशाच पदरी पडेल.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे ती कोणत्या पदार्थाची आहे. ‘प्लास्टिक’ हा एकच शब्द उच्चारून आपण मोकळे होतो. परंतु प्लास्टिकाच्या जाती भाताच्या वाणांइतक्या निराळ्या आहेत. त्यांपैकी पीव्हीसी हा पदार्थ मुळात कडक असतो. पाण्याचे नळ त्याचेच करतात. त्याचा मऊ, लवचिक पडदा बनवावयाचा तर त्यात तेलासारखी मृदुकारक द्रव्ये मिसळावी लागतात. ही द्रव्ये प्लास्टिकाच्या कणांशी रासायनिक रीतीने बांधलेली नसतात, केवळ त्यांच्यामध्ये मुरलेली असतात. लोणच्याच्या फोडीतील तेल जसे हळूहळू बाहेर सुटते, तशी तीही वर्षानुवर्षे बाहेर येत राहतात. खोळ चिकट होते, पत्त्यावरची शाई तिला चिकटते, तकाकी जाते आणि एखाद्या दिवशी पत्ता बाहेर ओढताना चित्राचा पापुद्रा खोळीतच राहतो. त्यातच उष्णता व प्रकाश लागला तर पीव्हीसीचे विघटन होऊन आम्ल सुटते आणि कागद पिवळा व ठिसूळ होतो. अमेरिकेत १९७० व १९८० च्या दशकांत अशा मऊ पीव्हीसीच्या कप्पेवजा पानांचे आल्बम संग्राहकांनी हौसेने भरले होते. ज्यांनी पत्ते नुसतेच बुटांच्या खोक्यात टाकले त्यांचे बरे राहिले, आणि ज्यांनी प्रेमाने आल्बमात लावले त्यांचे खराब झाले, असा उलटा न्याय कित्येकांच्या वाट्याला आला.

पॉलिप्रॉपिलीनचे तसे नाही. त्याला मऊ करण्यासाठी तेलकट द्रव्यांची गरज लागत नाही. ते स्वच्छ पारदर्शक असते, स्वस्त असते आणि शेजारच्या कागदाशी रासायनिक वैर धरीत नाही. बाजारातील बहुतेक चांगल्या खोळी त्याच्याच असतात. पॉलिएथिलीनही निरुपद्रवी आहे, मात्र किंचित धुरकट दिसते. या सर्वांत श्रेष्ठ म्हणजे पॉलिएस्टरचा पडदा. ग्रंथालये आणि अभिलेखागारे जुनी कागदपत्रे त्यात ठेवतात. परंतु तो महाग आणि कडक असल्यामुळे रोज पिसावयाच्या पत्त्यांना तो मानवत नाही. दुर्मिळ पत्ता कायमचा ठेवून द्यावयाचा असेल तर तो योग्य.

पाकिटावर पदार्थाचे नाव छापलेले असेल तर उत्तम. नसेल तर कसे ओळखावे? नाक हे पहिले साधन. नव्या रेनकोटाचा किंवा प्लास्टिकच्या टेबलक्लॉथचा तो ओळखीचा उग्र वास खोळीला येत असेल, तर ती परत करावी. दुसरी परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे. एका खोळीचा तुकडा कापून, साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बोटाने पूर्ण बुडवावा आणि त्याला चिकटलेले बुडबुडे झटकून तो सोडून द्यावा. पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएथिलीन पाण्याहून हलकी असल्याने तुकडा वर येतो. पीव्हीसी जड असल्याने तळाशी बसते. पॉलिएस्टरही बुडते खरे, पण ते कडक व करकरीत असते, तर खोळीचे पीव्हीसी मऊ, चिकटणारे आणि वासाचे. तुकडा जाळून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. पीव्हीसी जळताना घातक वायू सुटतो.

संग्राहक आणखी एक कडक कवच वापरतात, त्याला ‘टॉपलोडर’ म्हणतात. हे पुष्कळदा पीव्हीसीचेच असते, पण नळासारख्या कडक जातीचे, म्हणजे तेल जवळजवळ न घातलेले. तरीही पत्ता त्यात उघडा सरकवू नये. आधी पातळ खोळ आणि मग कवच, हा क्रम ठेवावा. नाहीतर आत-बाहेर करताना कवचाची धारच कोपऱ्याला लागते. येथेच शाळांतून नेहमी दिसणाऱ्या एका चुकीचा उल्लेख करावयास हवा. ओळखपत्राला करतात तसे पत्त्याला लॅमिनेशन करून आणणारी मुले पुष्कळ आहेत. गरम प्लास्टिक कागदाला कायमचे चिकटते. तो पत्ता टिकतो हे खरे, पण पत्ता म्हणून तो संपलेला असतो.

मापाच्या बाबतीत दुकानदाराच्या ‘सगळ्यांना बसते’ या शब्दावर विसंबू नये. १९०९ ते १९११ या काळातील सिगारेटचे पत्ते सुमारे ३६ × ६७ मिलिमीटरचे होते. टॉप्सचा १९५२ चा पत्ता सुमारे ६७ × ९५ मिलिमीटरचा होता, आणि १९५७ साली त्या कंपनीने अडीच इंच बाय साडेतीन इंच हे माप धरले. तेच पुढे रूढ झाले. १९९३ साली निघालेल्या ‘मॅजिक’ या खेळाचे आणि पोकेमॉनचे पत्ते जवळपास तेवढेच, म्हणजे ६३ × ८८ मिलिमीटरचे आहेत. पण ‘यु-गी-ओ’ या जपानी खेळाचे ५९ × ८६. मोठ्या खोळीत लहान पत्ता खुळखुळतो आणि त्याच्या कडा झिजतात. लहान खोळीत मोठा पत्ता वाकतो. रूढ मापाच्या पत्त्याला ६६ × ९१ ची खोळ बरोबर बसते. कंपासपेटीतील पट्टी घेऊन दुकानात जाण्यात कमीपणा मानू नये.

जाडीचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. पत्ता सुमारे ०.३ मिलिमीटर जाड असतो. खोळीची एकेक बाजू ०.१ मिलिमीटर धरली, तर दोन बाजूंचे मिळून ०.२ वाढतात. साठ पत्त्यांची गड्डी उघडी असताना १८ मिलिमीटर भरते, ती खोळींसह ३० होते आणि जुन्या डबीत मावत नाही. नुसते जपून ठेवावयाचे असल्यास याच्या निम्म्या जाडीची खोळ पुरते. खेळावयाचे असल्यास मात्र जाडच हवी. पातळ खोळ पिसताना फाटते.

खेळणाऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे आणि ती पैशाहून मोठी आहे. गड्डीतील एका खोळीचा कोपरा दुमडलेला असेल, किंवा एकीचा रंग इतरांहून फिका असेल, तर पालथा पत्ताही ओळखता येतो. स्पर्धांत अशा पत्त्यांना खुणेचे पत्ते मानतात, पंच खोळी बदलावयास सांगू शकतात आणि प्रसंगी दंडही होतो. लबाडीचा विचार मनात नसलेल्या मुलावरही संशय येतो, आणि तो पुसणे कठीण असते. म्हणून खेळासाठी मागील बाजू अपारदर्शक असलेल्या, एकाच जातीच्या व एकाच रंगाच्या खोळी घ्याव्यात. दहावीस जास्तीच्या हाताशी ठेवाव्यात. आणि अर्ध्या गड्डीला जुन्या, अर्ध्या गड्डीला नव्या असे कधीही करू नये. मागील बाजू खरखरीत असेल तर पत्ते पिसावयास सोपे जातात. गुळगुळीत खोळी एकमेकींना चिकटून बसतात.

राहता राहिली हवा. गोव्यात आणि दक्षिण कोकणात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या सहज पुढे जाते. चकाकत्या पत्त्याच्या एका बाजूस धातूसारखा जो पातळ थर असतो, तो ओल शोषीत नाही, मागचा कागद शोषतो. म्हणून पत्ता पापडासारखा वाकतो. खोळीची एक बाजू उघडीच असते, तेव्हा ती हे थांबवू शकत नाही. काही जण ६४ × ८९ ची घट्ट खोळ आत, तोंड खाली करून, आणि तिच्यावर नेहमीची खोळ तोंड वर करून घालतात. त्याने धूळ व पाणी अडते, पण ओल सावकाश का होईना शिरतेच. खरा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. खोळी घालावयाच्या त्या कोरड्या दिवशी घालाव्यात, नाहीतर ओल आतच कोंडते. ग्वाल्हेर-इंदूरकडे उलटा प्रकार; तेथे ओलीपेक्षा उन्हाळ्याची भीती, म्हणून डबा माळ्यावर ठेवू नये. गोव्यातील ख्रिस्ती घरांत प्रार्थनापुस्तकाच्या पानांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली संतांची छोटी चित्रे असतात, त्यांनाही हेच सारे लागू आहे. फक्त त्यांची मापे इतकी विविध असतात, की प्रत्येकास स्वतंत्र खोळ पाहावी लागते.

जुन्या आल्बमातील पत्ते आताच चिकटू लागले असतील तर ते ओढून काढू नयेत. कप्प्याच्या तिन्ही कडा बारीक कात्रीने, पत्त्याला धक्का न लावता कापाव्यात, वरचा पडदा एका कोपऱ्याकडून अगदी सावकाश, जवळजवळ आडवा धरून उलटा सोलावा, आणि जेथे शाई उचलली जाते आहे असे दिसेल तेथे हात थांबवावा. तो पत्ता मग तेवढ्या तुकड्यासहच नव्या खोळीत ठेवावा.